संहिता नसलेली शाळा

रेडी म्हटले की 1976 साली खाणीत सापडलेली द्विभुज गणेशमूर्ती, यशवंतगड आणि लोहखनिजाचे बंदर आठवते. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला वसलेल्या या गावाची आणखी एक संपत्ती आहे, जी कोणत्याही जहाजात भरून बाहेर जात नाही. ती म्हणजे दशावतार.

दिवाळी सरली की या पट्ट्यातील देवळांत जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटके रंगतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर ही आरंभीची सोंगे झाली की आख्यान उभे राहते. त्याला लिखित संहिता नसते. कथानक आधी ठरते. संवाद मात्र नट रंगमंचावरच रचतो. पेटी त्याच्या पदाला सूर पुरवते, मृदंग त्याच्या पावलांना बोल देतो. कोणी कोठे थांबावे, हे एकमेकांचे ऐकूनच कळते.

त्याच जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातील कलावंत एकेक चित्र समोर धरून वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा सांगतात. ही चित्रकथी जपण्यासाठी श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभारले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

वाद्य, कथा आणि उत्स्फूर्त रचना यांतून मुलांना संगीत शिकवावे, असा विचार जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी मांडला. त्यांच्या बालसंगीताचे पाच खंड 1950 ते 1954 या काळात प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या शाळांनी ती पद्धत स्वीकारली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्थानिक कलावंतांना शाळेत बोलावण्याची शिफारस केली आहे. आपल्या मुलांसाठी ते कलावंत हाकेच्या अंतरावर आहेत.

आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या अपत्यांना विद्या देतात. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली, हे आपण पाठशाळेत सांगतो. पुत्र वृषभसेनाला गांधर्वविद्या, म्हणजे संगीत दिले, हे मात्र सहसा सांगत नाही. अंकांच्या बरोबरीने सूरही होता, याचा आपल्याला विसर पडला.

तो मलाही पडला होता. मुलगा दहावीत गेला तेव्हा त्याची पेटी मी माळ्यावर ठेवायला लावली. त्याला गुण चांगले मिळाले. पुढे तो व्यवसायात आला. हिशेब चोख; परंतु समोरचा माणूस बोलत असताना त्याचे पुरते ऐकून घेणे आणि त्या क्षणी योग्य शब्द सुचणे त्याला जड जाते. पेटीमुळे ते आले असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते शिकण्याची एक जागा मीच बंद केली, एवढे खरे. ताळेबंदात ही तूट कोठेच दिसत नाही.

म्हणून एक सूचना. येत्या सुट्टीतील पाठशाळा-शिबिरात मुलांना पाठ केलेले नाटक देऊ नये. नेमि-राजुलची कथा सांगावी आणि वाद्ये हाती द्यावीत. चर्मवाद्यांविषयी ज्यांना संकोच आहे, त्यांनी पेटी, झांज आणि लाकडी चिपळ्या घ्याव्यात. वरातीचा ताल मुलांनीच बसवावा, संवाद त्यांनीच रचावेत. जमल्यास एखाद्या दशावतारी कलावंताला रीतसर मानधन देऊन दोन दिवस बोलवावे.

वरात निघेल, झांजा घुमतील. मग कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी पडेल आणि रथ थांबेल. त्या क्षणी वाद्य कधी बंद करायचे, हे मुलाला कोणी सांगू नये. त्याने ते स्वतः ऐकून ठरवावे. अहिंसेचा तो पाठ त्याला आयुष्यभर पुरेल.