नाते सांगणारी डीएनए चाचणी

- महाडमध्ये गरज कशासाठी? ३ नोव्हेंबर २०२३ रोजी औद्योगिक वसाहतीतील ब्लू जेट हेल्थकेअर कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार दगावले. मृतदेह चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते, म्हणून डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला.

- नमुने : जिवंत व्यक्तीचे रक्त किंवा गालाच्या आतली लाळ. जळालेल्या देहातून दात, मांडीचे हाड.

- जुळणी : आई किंवा वडील आणि मूल यांच्यात निम्मा डीएनए समान. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा, आजी-नातवंडांत पाव, चुलत-मावस भावंडांत आठवा हिस्सा. नाते जितके लांबचे, तितका निष्कर्ष सैल. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सर्व मुला-मुलींना मिळतो.

- दत्तक मूल : कायद्याने पूर्ण वारस, पण आई-वडिलांची ओळख पटवायला त्याचा नमुना चालत नाही. तिथे मृताची भावंडे किंवा त्याचे आई-वडील लागतात.

- जन्मदात्यांचा शोध : दत्तक नियमावली २०२२ नुसार १८ वर्षांवरील व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याखालील मुले दत्तक पालकांसह. त्रयस्थाला मुभा नाही. जन्मदात्यांनी गोपनीयता मागितली असेल, तर आधी त्यांची संमती.

- न्यायालय : नोव्हेंबर २०२३ मध्येच, बलात्काराच्या एका प्रकरणातील जामीन अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की दत्तक दिल्यानंतर बाळाची डीएनए चाचणी त्याच्या हिताची ठरणार नाही. दत्तक पालकांची ओळख दत्तक देणाऱ्या संस्थेने उघड केली नव्हती.