नवा संगणक आणि खिशांतील संग्रह

अलीकडे घरांत नवा संगणक आला कीं त्याच्या मागोमाग आणखी एक लहानशी वस्तु येते. काडेपेटीहून थोडी मोठी, पत्त्यांच्या जोडाहून बहुधा पातळ, आणि एका टोकास केबल लावण्याची खांच असलेली. दुकानदार तिला ‘एक्स्टर्नल एसएसडी’ म्हणतो. तिची गरज कां पडते हें उघड आहे. नवे संगणक दिवसेंदिवस पातळ होत चालले आहेत. पुष्कळांत साठवणीची जागा कारखान्यांतच कायमची बसविलेली असते व पुढें ती वाढवितां येत नाहीं. अधिक जागेचा संगणक घ्यावा, तर किंमत बरीच चढते. म्हणून गृहस्थ २५६ किंवा ५१२ गिगाबाइटांचा संगणक घेतो, आणि लग्नमुंजींचीं छायाचित्रें, नातवंडांचीं चलच्चित्रें व घराचीं कागदपत्रें बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवण्याचें ठरवितो.

बेत चांगला आहे. परंतु त्यानंतर दोन तक्रारी हमखास ऐकूं येतात. पहिली अशी कीं, ‘एवढे पैसे घातले, पण वेग कांहीं दिसत नाहीं.’ दुसरी अधिक दुःखाची: ‘सगळें त्यांतच होतें, आणि आतां तो उघडतच नाहीं.’ या दोन्ही तक्रारींचें मूळ एकाच गैरसमजांत आहे. वेग आणि सुरक्षितता हे त्या ड्राइव्हच्या अंगचेच गुण आहेत, ते विकत घेतले कीं काम झालें, असें आपण मानतों. वस्तुतः वेग हा संगणक, केबल व ड्राइव्ह या तिघांच्या मेळावर अवलंबून असतो. आणि सुरक्षितता आपल्याजवळ प्रती किती आहेत यावर. आज हीच गोष्ट उलगडून सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या पेटीच्या आंत काय असतें तें पाहूं. जुन्या हार्ड डिस्कमध्यें तबकड्या फिरतात, व त्यांवरून एक सुई सरकत चुंबकीय खुणा उमटविते व वाचते. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें अशी पहिली डिस्क बाजारांत आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या खटाटोपानें तिच्यांत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. पुढें तबकड्या लहान झाल्या, परंतु फिरणें सुटलें नाहीं. आणि जें फिरतें तें पडल्याआपटल्यानें बिघडतें.

एसएसडी म्हणजे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’. यांत फिरणारें वा सरकणारें कांहींच नाहीं. सिलिकॉनच्या चकत्यांवर अब्जावधि सूक्ष्म घरें रचलेलीं असतात, व प्रत्येक घरांत कांहीं इलेक्ट्रॉन कोंडून ठेवतात. सभोंवार वीज वाहूं न देणारा थर असल्यामुळें, पुरवठा बंद झाला तरी ते आंतच राहतात. किती कोंडले आहेत हें अजमावलें कीं तेथें कोणता अंक लिहिला होता तें कळतें. जपानांतील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनीं ही ‘फ्लॅश’ स्मृति शोधून काढून १९८४ सालीं जगापुढें मांडली, आणि आजच्या ड्राइव्हांत जी वापरतात ती ‘नॅन्ड’ जातीची स्मृति १९८७ सालीं.

आरंभीं एका घरांत एकच अंक ठेवीत. आतां बहुतेक ड्राइव्हांत तीन किंवा चार ठेवतात. तीन अंकांसाठीं एकाच घरांत विजेच्या भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, आणि चारांसाठीं १६. जागा तेवढीच राहून माल अधिक भरतो, म्हणून किंमत उतरते; परंतु लिहिण्याचें काम नाजूक व मंद होतें, आणि घर लवकर झिजतें. एकाच आकाराच्या दोन ड्राइव्हांच्या किमतींत मोठें अंतर दिसतें, त्याचें एक कारण हें आहे.

आतां वेगाकडे वळूं. ड्राइव्हमधून संगणकाकडे माहिती जाते ती यूएसबी नांवाच्या वाटेनें. ही वाट आंखणाऱ्या इंटेल कंपनीच्या मंडळींत अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. १९९६ सालीं ही वाट प्रथम सुरू झाली आणि पुढें रुंद होत गेली. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तींत तिचा वेग सेकंदास ४८० मेगाबिट होता. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तो ५ गिगाबिट झाला, २०१३ सालीं १०, २०१७ सालीं २०, आणि २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तींत ४०.

हे आंकडे नुसते ऐकून कांहीं बोध होत नाहीं. म्हणून एक त्रैराशिक मांडूं. आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हां ४८० मेगाबिट म्हणजे सेकंदास ६० मेगाबाइट. त्यांतील कांहीं भाग व्यवस्थेंतच खर्च होऊन प्रत्यक्षांत सुमारें ४० हातीं पडतात. समजा, आपणांस १०० गिगाबाइट छायाचित्रें न्यावयाचीं आहेत. जुन्या वाटेनें त्यांस सुमारें ४२ मिनिटें लागतील. ५ गिगाबिटांच्या वाटेनें चार मिनिटांच्या आसपास, आणि १० गिगाबिटांच्या वाटेनें पावणेदोन मिनिटें. ड्राइव्ह तोच, छायाचित्रें तींच. वाट तेवढी बदलली.

आणि ही वाट बदलते बहुधा एका केबलमुळें. २०१४ सालीं यूएसबीचा ‘सी’ नांवाचा नवा आकार ठरला. दोन्ही बाजूंनीं सारखा असल्यामुळें तो उलटसुलट कसाही बसतो. ही सोय मोठी झाली. परंतु आकारावरून वेग ओळखण्याचें साधन गेलें. फोन भारित करण्यासाठीं मिळणाऱ्या पुष्कळ सी केबलांतून माहिती जाते ती २००० सालच्याच वेगानें. दिसण्यांत ती ड्राइव्हबरोबर आलेल्या केबलसारखीच असते. घरांतील कोणी ती उचलून जोडतो, आणि महागडा ड्राइव्ह ४२ मिनिटांच्या वाटेस लागतो. यासाठीं ड्राइव्हच्या पेटींतून आलेली केबल त्याच्याशींच ठेवावी, व तिला रंगीत दोरा बांधून खूण करावी.

दुसरी काळजी घ्यावयाची ती संगणकाच्या पोर्टची. एकाच संगणकावरील दोन सारखीं दिसणारीं पोर्टें सारख्याच वेगाचीं असतील असा नियम नाहीं. त्यांतून स्वस्त हब मध्यें घातला, तर त्याचा वेग तोच सर्वांचा वेग. खरेदीच्या वेळीं आवृत्तीच्या नांवांवर फारसें विसंबूं नये, कारण नांवें पुनःपुन्हां बदललीं आहेत. ५ गिगाबिटांची एकच वाट ३.०, ३.१ जेन १ व ३.२ जेन १ अशा तीन नांवांनीं विकली गेली आहे. नांव सोडून गिगाबिटांचा आंकडा विचारावा. येथेंही एक खुबी आहे. २० गिगाबिटांच्या ड्राइव्हची बोली समजणें ४० गिगाबिटांच्या संगणकावर बंधनकारक नाहीं. ज्यास ती येत नाहीं, त्याच्याशीं असा ड्राइव्ह १० गिगाबिटांनींच बोलतो. म्हणजे अधिक पैसे देऊन लाभ शून्य. साधारण गृहस्थास १० गिगाबिटांचा ड्राइव्ह पुरेसा होतो.

वाट चांगली असूनही कधीं कधीं मोठी नक्कल आरंभीं धांवते व मग रेंगाळते. त्याचें कारण वर सांगितलेल्या घरांत आहे. ड्राइव्ह कांहीं घरें एकेकच अंक लिहिण्यासाठीं राखून ठेवतो, म्हणजे आलेला माल झटपट उतरवून घेतां येतो. हें अंगण भरलें कीं माल कोठारांत नीट लावीत बसावें लागतें व वेग उतरतो. शिवाय ड्राइव्ह तापला म्हणजे तो आपण होऊन मंद चालतो. तेव्हां त्यास कापडांत गुंडाळून वा उन्हांत ठेवून काम करूं नये, आणि त्यांत थोडी जागा नेहमीं मोकळी राखावी.

यापुढील प्रश्न लिपीचा. ड्राइव्हवर फाइली कोणत्या पद्धतीनें मांडावयाच्या हें आधीं ठरवावें लागतें. यास ‘फॉरमॅट’ म्हणतात. विंडोजची पद्धत एनटीएफएस ही मॅक संगणक वाचतो, पण स्वतः होऊन तींत लिहीत नाहीं. मॅकची एपीएफएस विंडोजला मुळींच वाचतां येत नाहीं. जुनी फॅट३२ दोघांस कळते, परंतु तींत ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल मावत नाहीं. लांब चलच्चित्र तेथें अडतें. घरांत दोन्ही प्रकारचे संगणक असतील, तर एक्सफॅट ही पद्धत दोघांस चालते. मात्र एक्सफॅटजवळ केलेल्या कामाची रोजनिशी नसते. लिहिणें चालूं असतां केबल ओढली, तर अर्धवट राहिलेलें काम सांवरण्यास तिला आधार नाहीं. म्हणून ‘सुरक्षितपणें काढा’ ही आज्ञा देऊन, संगणकानें होकार दिल्यावरच केबल काढावी. पडद्यावर काम संपलेलें दिसलें, तरी आंत कांहीं लिहावयाचें शिल्लक असूं शकतें. आणखी एक सूचना: फॉरमॅट बदलणें म्हणजे पाटी पुसणें. ड्राइव्हवर कांहीं असेल, तर तें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावें.

आतां सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतों. माझा एक जुना विद्यार्थी आतां स्वतः संसारी गृहस्थ आहे. त्यानें वडिलांच्या हयातींतील सारीं छायाचित्रें व त्यांच्या आवाजाचे नमुने नव्या ड्राइव्हवर नेले, संगणकांत जागा व्हावी म्हणून तेथून पुसून टाकले, आणि ‘बॅकअप घेतला’ असें समाधान मानलें. वर्षभरानें तो ड्राइव्ह संगणकास दिसेनासा झाला. दुकानांत नवा ड्राइव्ह बदलून मिळाला. हमी होती ती वस्तूची. आंतल्या आवाजाची हमी कोणी दिलेली नव्हती.

येथें झालें काय? प्रत दोन ठिकाणीं असते तोंवरच तिला बॅकअप म्हणावयाचें. मूळ पुसलें त्याच क्षणीं बॅकअपचें मूळ झालें, आणि बॅकअप एकही उरला नाहीं. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वीं पुष्कळदां खरखर करून सूचना तरी देते. एसएसडी निमूटपणें जातो. त्यांतून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही कमी, कारण मोकळीं झालेलीं घरें तो स्वतःच साफ करून ठेवतो.

कपाटांत ठेवून दिलेल्या ड्राइव्हविषयींही सावध असावें. कोंडलेले इलेक्ट्रॉन अतिशय मंद गतीनें कां होईना, पण निसटतात. जेडेक ही मानकें ठरविणारी संस्था घरगुती एसएसडीकडून अशी अपेक्षा करते कीं, लिहिण्याचें ठरीव आयुष्य संपल्यावरही त्यानें विजेवांचून ३० अंश सेल्सिअस उष्णतेंत एक वर्ष माहिती राखावी. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ राखील. परंतु उष्णता वाढली कीं ही मुदत घटते, आणि आपल्याकडील उन्हाळा ३० अंशांवर थांबत नाहीं. रुमालांत बांधलेला कागद वाळवीपासून जपला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एसएसडी हें त्या जातीचें दप्तर नव्हे. त्यास सहा महिन्यांनीं एकदां संगणकास जोडून फाइली उघडून पाहाव्या.

खरेदींतील एक फसवणूकही ध्यानांत असूं द्यावी. अगदीं अल्प किमतींत १६ किंवा ३० टेराबाइटांचे ड्राइव्ह विकावयास असतात. आंत एखादें लहानसें कार्ड असतें, आणि त्यास खोटा आंकडा सांगण्यास शिकविलेलें असतें. खरी जागा भरली कीं नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात, आणि कळतें तेव्हां वेळ गेलेली असते. उलट, १ टेराबाइटाचा ड्राइव्ह विंडोजमध्यें ९३१ गिगाबाइट दाखवितो, ती मात्र फसवणूक नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. पायली निराळी, धान्य तेंच.

श्रोतेहो, एवढ्या विवेचनाचा उपयोग आचरणांत आला पाहिजे. ज्या वस्तु पुन्हां मिळणार नाहींत, त्यांच्या तीन प्रती असाव्या. एक संगणकांत, दुसरी एसएसडीवर. संगणकांत जागा नसेल, तर दुसऱ्या ड्राइव्हवर. पुष्कळ माहितीस साधी हार्ड डिस्कही चालेल. ती मंद खरी, पण स्वस्त. तिसरी प्रत घराबाहेर असावी, मग ती बहिणीच्या घरीं ठेवलेली असो, वा इंटरनेटवरील साठ्यांत. चोरी, आग व पुराचें पाणी हीं एकाच घरांतील तीनही प्रती एकदम नेतात. ड्राइव्ह खिशांतून नेआण करणार असाल, तर त्यास संकेतशब्दाचें कुलूप घालावें, आणि तो शब्द कागदावर लिहून घरांतील दुसऱ्या जाणत्या माणसाजवळ द्यावा. हें कुलूप विसराळूस आणि चोरास सारखेंच वागवितें.

शेवटीं, प्रत केल्यावर तिच्यांतील दहावीस फाइली, कांहीं आरंभींच्या, कांहीं मधल्या, कांहीं शेवटच्या, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. उघडल्या, तरच प्रत झाली असें समजावें. आणि तोंवर मूळ पुसूं नये.