चेन नवी टाकली, तरी गाडी का बिनसते?

धुळ्याहून जळगावला जाणारा हायवे, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा त्रेपन्न, पारोळ्यावरून जातो. त्यामुळे इथे गॅरेज आणि इंजिनाबद्दलची मतं, दोन्हींना तोटा नाही. टायमिंग चेनबद्दल तर जरा जास्तच. त्यातलं सगळ्यांत लाडकं मत असं : ‘बेल्ट तुटतो भो, चेन लोखंडाची. तिला काय होतंय?’

बेल्ट तुटतो हे खरं. मारुती ८०० ला, जुन्या डिझेल इनोव्हाला रबरी बेल्टच होता. स्विफ्ट डिझेलचं तेराशे सीसीचं इंजिन आणि पुढची इनोव्हा क्रिस्टा डिझेल चेनवाली. पण चेनही झिजते. ‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं भोक केसभर झिजतं. एवढ्या कड्यांची झीज एकत्र झाली की चेन लांब होते. झिजवतं मुख्यतः काळं पडलेलं ऑइल. चेनला इंजिनाचंच ऑइल मिळतं आणि तिला ताठ ठेवणारा टेन्शनरही बहुतेक गाड्यांत त्याच ऑइलच्या दाबावर चालतो. लेव्हल कमी दिसली की वरून अर्धा लिटर ओतायचं आणि ऑइल बदलायचं पुढच्या दिवाळीला, हा हिशेब शेवटी चेनच्याच मुळावर येतो.

दुसरा समज पैसे वाचवण्याचा : फक्त चेन बदला, बाकीचं चांगलं आहे. जुन्या गियरचे दात जुन्या चेनबरोबर झिजलेले असतात, प्लास्टिकच्या गाईडवर चेनने चर पाडलेले असतात, टेन्शनर थकलेला असतो. नवी चेन त्यांच्यावर चढवली की तीही लवकर आवाज करायला लागते. कव्हर उघडण्याची मजुरीच इतकी असते, की आतले भाग वाचवण्यात अर्थ नाही.

खरा घोळ होतो तो खुणा जुळवताना. नव्या चेनवर दोन-तीन कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या गियरवरच्या खुणांसमोर बसवायच्या. बसवून झाल्यावर मिस्त्री इंजिन हाताने फिरवतो, पाहतो तर रंगीत कड्या भलतीकडेच. ‘टायमिंग हललं!’ म्हणून तो सगळं पुन्हा उघडतो. हललेलं काहीच नसतं. समजा, क्रँकच्या गियरला १८ दात, कॅमच्या गियरला ३६ आणि चेनला १२२ कड्या आहेत. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो आणि दोन्ही गियरच्या खुणा मूळ जागी येतात. रंगीत कड्या मात्र सगळ्या एकदम आपापल्या खुणांवर यायला क्रँकचे १२२ फेरे लागतील. त्या कड्या फक्त बसवतानाच्या कामाच्या. नंतर पाहायच्या त्या गियरच्या खुणा. काही इंजिनांत, स्विफ्टच्या त्या डिझेलसारख्या, कॅम आणि क्रँक जागच्या जागी अडकवून ठेवण्याचं खास टूलच लागतं. तिथे अंदाजपंचे काम म्हणजे जुगार.

‘एखादा दात इकडे-तिकडे झाला तर पिकअप थोडा कमी होईल, एवढंच,’ हेही ऐकू येतं. वरच्याच उदाहरणात एक दात म्हणजे क्रँकचे २० अंश. एवढ्या फरकाने गाडी ओढत नाही, स्टार्टिंगला त्रास देते आणि दोन-तीन दात चुकले तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वॉल्व्हला जाऊन धडकतो. वॉल्व्ह वाकले की हेड उतरवावं लागतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

म्हणून सेल्फ मारण्याआधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. त्याआधी नव्या टेन्शनरला दाबून धरणारी पिन काढलेली हवी. ती आतच राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. फिरताना मधेच कडक अडलं तर लांब पाइप लावून जोर करायचा नाही. तिथेच थांबून टायमिंग पुन्हा पाहायचं. उलटं फिरवणंही टाळायचं, कारण तेव्हा सैल पडलेल्या बाजूने चेन दात सोडू शकते.

गाडी सुरू झाली, पण खडखडते? पहिल्या स्टार्टला टेन्शनरमध्ये ऑइल भरेपर्यंत क्षणभर आवाज येणं चालतं. तो राहिलाच तर इंजिन बंद करून ऑइलचा दाब तपासा. रोज सकाळी थोडा वेळ खडखडत असेल तर फिल्टरकडेही बघा : ऑइल खाली उतरू न देणारी रबरी झडप त्यात असते, स्वस्त फिल्टरमध्ये ती लवकर कडक होते. कव्हरला सढळ हाताने फासलेलं सिलिकॉनही दगा देतं. आत पिळून आलेले त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब घटतो.

आणि चेक लाइट. स्कॅनरवर पी-००१६ आला की लगेच नवा सेन्सर मागवला जातो. हा कोड एवढंच सांगतो की क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. चेनचं काम नुकतंच झालं असेल तर पहिला संशय टायमिंगवर घ्यायचा, सेन्सरवर नंतर. सेल्फ फिरतो पण गाडी सुरूच होत नाही, तेव्हा आधी सेन्सरचे प्लग पाहा. घाईत एखादा लावायचा राहतो. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, सुळसुळीत येत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय. मग तो मारत राहून बॅटरी उतरवण्यात काही हशील नाही.

चेनचं काम करून घेणार असाल तर जुने गियर, गाईड, टेन्शनर समोर ठेवायला सांगा आणि सेल्फ मारण्याआधीचे ते दोन फेरे स्वतः उभं राहून बघा. चांगला मिस्त्री याचा राग धरत नाही.