हवाशीत इंजिन : भंगारात काढण्यापूर्वी

फरिदाबाद येथे १९५९ मध्ये जर्मन तंत्रसाहाय्याने तयार झालेल्या आयशर ट्रॅक्टरचे इंजिन हवेने थंड होणारे होते. या जातीची जुनी इंजिने किरकोळ भागाअभावी भंगारात जातात. थोडी दक्षता घेतल्यास हे नुकसान टाळता येते.

अशा इंजिनात पाणी व रेडिएटर नसतात. सिलिंडर व हेड यांवरील पातळ फिनांमधून ब्लोअरची हवा खेळते आणि उष्णता वाहून नेते. फिनांत धूळ, भुसा व गळलेले तेल साचले, अथवा हवेला वळण देणारे पत्र्याचे आवरण दुरुस्तीनंतर बसविण्याचे राहून गेले, की सिलिंडर अतिशय तापतो व पिस्टन जाम होतो. हे मूळ कारण दूर न केल्यास नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

सुटा भाग शोधताना केवळ अश्वशक्ती सांगणे पुरेसे नसते. नामपट्टीवरील मॉडेल व इंजिन क्रमांक नोंदवावेत; पट्टी नसल्यास बोअर व स्ट्रोक मोजावेत. मोडलेला भागही नमुना म्हणून जपावा. बेअरिंग व ऑइल सील यांवर बहुधा क्रमांक असतो. त्यावरून ते इतर दुकानांतही मिळू शकतात. झिजलेला सिलिंडर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसविता येतो. मात्र पिस्टन हाती आल्यावरच, त्याच्या मापाने, रिबोअर करावे.

गावातील जुन्या इंजिनांची मॉडेलवार नोंद ग्रामपंचायतीने ठेवल्यास एकाचे निकामी इंजिन दुसऱ्याच्या उपयोगी पडेल आणि ऐन हंगामात शेतकऱ्याचे काम अडणार नाही.