खेळणाऱ्याच्या हातातली कथा

गेवराई तालुक्यातील तलवाडा असो वा पुण्याचे एखादे उपनगर, महाराष्ट्रात व्हिडिओ गेमची चर्चा बहुतेक वेळा मुलांचा वाया जाणारा वेळ आणि मोबाइलचे व्यसन याच अंगाने होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली तेव्हाही ती त्यापलीकडे फारशी गेली नाही. त्याच्या पंधरवडाभर आधी, १८ ऑगस्टला, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने घडवलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला होता, आणि गेमला कला म्हणावे का, या प्रश्नाची तड लावण्यास तो फार उपयोगी पडतो.

अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये हा मान गेमला ठामपणे नाकारला होता. उलट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये ‘पॅक-मॅन’ आणि ‘टेट्रिस’ यांच्यासह चौदा गेम संग्रहात घेतले, ते केवळ त्यांच्या देखणेपणासाठी नव्हे, तर खेळणारा आणि यंत्र यांच्यात घडणाऱ्या क्रिया-प्रतिक्रियांच्या रचनेसाठी. हीच कसोटी योग्य होय, कारण चित्र, संगीत आणि कथा इतर कलांतही असतात. खेळणाऱ्याच्या कृतीतून अर्थ निर्माण करणे मात्र गेमचे स्वतःचे आहे.

‘राजी’ची नायिका डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी असून, असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. राजस्थानी वास्तुशैलीचे महाल आणि पहाडी लघुचित्रांची रंगसंगती यांतून तिचे जग उभे राहते, तर कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितले जातात. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. परंतु गेमचे खरे बळ याहून वेगळ्या ठिकाणी आहे. खांबाला गिरकी घेऊन किंवा भिंतीवरून धावत राजी शत्रूवर झेपावते तेव्हा पोटापाण्याची कसरतच तिचे शस्त्र होते, आणि ते सांगायला एकही संवाद लागत नाही, कारण ती झेप खेळणाऱ्याच्या बोटांनी घेतलेली असते. मध्येच मंडलाकृती कोडी येतात. त्यांची विस्कटलेली वर्तुळे फिरवून जुळवली की भावा-बहिणीच्या आठवणींतील एखादे चित्र पुरे होते, म्हणजे ताटातुटीचे दुःख नुसते पाहायला न मिळता हाताने जुळवावे लागते.

‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० मधील पदार्पणाच्या विभागात या गेमला नामांकन मिळाले, तरी त्याचे दोष झाकता येत नाहीत. कथा ऐन भरात असताना तुटल्यासारखी संपते, आणि त्याहून मोठी उणीव लढायांत आहे: असुरांच्या टोळ्यांमागून टोळ्या येत राहतात, बोटे चालत राहतात, पण राजीविषयी नवे काहीच कळत नाही.