आवाज बारीक का पडतो?

समुद्रसपाटीला हवेचा दाब एक लाख पास्कलहून किंचित जास्त असतो. आपण साध्या आवाजात बोलतो तेव्हा मीटरभर अंतरावर त्या दाबात होणारा चढउतार साधारण ०.०२ पास्कल. म्हणजे पन्नास लाखांत एक हिस्सा! एवढ्याशा हेलकाव्यात विचारपूस, भांडण, अंगाईगीत सगळं मावतं, आणि मायक्रोफोनला नेमकं तेच पकडायचं असतं. कॉलवर "तुझा आवाज फार बारीक येतोय गं" असं कुणी म्हटलं की माईक बिघडला असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. हेलकावा वाटेत दुसरीकडेच कुठेतरी दबलेला असतो, आणि तो कुठे दबला हे शोधायला लागलं की एक थक्क करणारी वाट उलगडत जाते.

फोनच्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. त्याच्या आत सिलिकॉनचा माईक बसवलेला असतो. त्याचा पडदा जेमतेम मिलिमीटरभर रुंद, आणि पडद्यापासून काही मायक्रोमीटरवर जाळीसारखी पाटी. बोलण्याने पडदा हलतो तो नॅनोमीटरच्या मापात, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात. पडदा आणि पाटी यांच्यातलं अंतर असं हललं की विजेचा दाब हलतो, आणि आवाजाची वीज होते. त्यासाठी आधी विद्युतभार लागतो. सिलिकॉनच्या माईकमध्ये तो चिपच पुरवते. वायरच्या साध्या हेडसेटमध्ये मात्र बहुधा इलेक्ट्रेट माईक असतो. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात वर्षानुवर्षं टिकणारा भार कोंडून ठेवला, आणि स्वस्त, इवलासा, तरीही उत्तम माईक जगाला मिळाला. साध्या बोलण्यावर अशा माईकमधून निघणारी वीज मिलिव्होल्टच्याही अंशात मोजावी लागते. पुढचं सगळं काम ती वाढवत नेण्याचं, आणि ती कितपत वाढवावी हा या साऱ्या गोष्टीतला कळीचा प्रश्न.

उत्तराचा पहिला भाग फुकटचा आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाचा दाब निम्मा होतो. लॅपटॉपचा माईक तोंडापासून साठ सेंटिमीटरवर असेल आणि इअरफोनच्या वायरवरचा माईक पाच सेंटिमीटरवर, तर दाबात बारापटींचा फरक पडतो. डेसिबलच्या भाषेत एकवीसहून जास्त. आणि खरी गंमत पुढे आहे. माईक जवळ आणला तेव्हा पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, भिंतींवरून परतलेला आवाज होते तिथेच राहिले. वाढलं ते फक्त आपलं बोलणं. विंडोजच्या जुन्या साऊंड पॅनेलमध्ये, माईकच्या 'लेव्हल्स' या टॅबवर, बऱ्याच संगणकांत 'मायक्रोफोन बूस्ट' असतो, दहा-दहा डेसिबलने वाढणारा. वीस डेसिबलचा बूस्ट दाब दहापट करतो. पण पंखाही दहापट होतो, आणि माईकची स्वतःची सूक्ष्म खसखसही. म्हणून मी आधी अंतर, मग बूस्ट, हा क्रम हट्टाने सांगते. माईक तोंडासमोर मात्र नको, ओठांच्या कोपऱ्याला हवा. नाहीतर आपले 'फ' आणि 'भ' थेट पडद्यावर फुंकर मारतात.

माईकच्या पुढे राज्य सॉफ्टवेअरचं. कॉलमधला आवाज बहुधा वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवला जातो, आणि पाठवण्यापूर्वी त्यावर तीन प्रकारची कामं होतात. एक काम प्रतिध्वनी पुसण्याचं. पलीकडच्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघून आपल्याच माईकमध्ये शिरतो, तो ओळखून वजा करायचा. ही वजाबाकी करताना आपलं बोलणंही कापलं जातं, म्हणून दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज खाली जातो. स्पीकर बंद करून इअरफोन लावला की हे काम जवळपास उरतच नाही. दुसरं काम पातळी आपोआप जुळवण्याचं: जोरात बोललात तर कमी, हळू बोललात तर जास्त. एखादं भांडं आपटलं, खोकला आला, की हे यंत्र चटकन पातळी खाली ओढतं आणि मग सावकाश वर चढवतं. विंडोजमध्ये माईकची पट्टी कुणी हात न लावता खाली सरकलेली दिसते, ती अनेकदा यामुळेच. कॉलच्या अॅपमध्ये 'ऑटोमॅटिकली अॅडजस्ट' अशा नावाची खूण असते; ती काढून पट्टी हाताने ठेवली की ती तिथेच राहते.

तिसरं काम गोंगाट पुसण्याचं, आणि माझ्या मते सर्वांत विलक्षण तेच. बोलणं सतत बदलतं, अक्षरागणिक चढतं-उतरतं. पंखा आणि एसी एकसारखे चालतात. तेव्हा जे एकसारखं ते गोंगाट, असा ढोबळ नियम. आता मिरजेत घडलेला तानपुरा या नियमापुढे ठेवून पाहा. चार तारा, अखंड झंकार, जवारीमुळे उमललेले असंख्य उपस्वर, आणि त्यांचं सगळं सौंदर्य न थांबण्यात. कॉलच्या सॉफ्टवेअरला तो पंखा वाटतो. पुण्यात बसून परदेशातल्या विद्यार्थ्याला गाणं शिकवणाऱ्या ताईंना "ताई, तानपुरा ऐकूच येत नाहीये" हे ऐकावं लागतं, त्याचं कारण हे. लांबवलेला 'सा'सुद्धा सुरुवातीला येतो आणि हळूहळू विरत जातो, कारण तो फार वेळ स्थिर राहिला. उत्तम गळ्याचं लक्षण तेच यंत्राला दोषाचं लक्षण वाटतं! माईक बदलून याचा उपाय होत नाही. झूममध्ये 'ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स' ही सोय आहे, ती शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्यानेही आपापल्याकडे चालू करावी लागते. मग सॉफ्टवेअर बाजूला होतं, आणि इअरफोन लावणं आणखी गरजेचं होतं.

दोष कुठे आहे हे शोधायचं तर फोनच्या किंवा संगणकाच्या रेकॉर्डरवर चार वाक्यं बोलून ऐकावीत. तिथेच आवाज बारीक असेल तर माईक, अंतर किंवा पातळी. तिथे खणखणीत असेल तर कॉलचं अॅप. त्याआधी एक गोष्ट जरूर पाहावी, कारण नेहमी सापडतं ते हेच: कानाला हेडसेट लावलेला असतो आणि अॅप ऐकत असतं लॅपटॉपच्या माईकने. हेडसेटच्या माईकवर नखाने हलकेच टकटक करावी. सेटिंगमधली पट्टी हलली नाही तर चुकीचा माईक निवडलेला आहे. फोनचं भोक कव्हरने किंवा धुळीने बुजलेलं असतं. ते मऊ कोरड्या ब्रशने झाडावं. टाचणी घालू नये, आत तो मिलिमीटरभराचा पडदा आहे. ब्लूटूथ हेडसेटचा माईक चालू झाला की बहुधा आवाजाचा पट्टा अरुंद होतो आणि बोलणं दबकं वाटतं. तिथे पातळी वाढवून फारसा फरक पडत नाही, वायर लावून पडतो.

आणि एक कारण माईकच्या अलीकडचं आहे, आपल्या कानात. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज थोडासा मुद्दाम ऐकवला जाई. अभियंत्यांनी त्याचं प्रमाण मोजूनमापून ठरवलं, कारण माणूस आपल्या आवाजाची पातळी स्वतःच्या कानाने सांभाळतो: स्वतःचा आवाज कानात मोठा आला की नकळत हळू बोलतो, कमी आला की ओरडतो. आसपास गोंगाट वाढला की आपला आवाज आपोआप चढतो, हे फ्रान्समधले कानाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं. आजच्या काही हेडसेटमध्ये ती जुनी सोय 'साइडटोन' या नावाने मिळते आणि तिला कमी-जास्त करायची पट्टीही असते. "हळू बोलतोस" अशी तक्रार वारंवार येत असेल, तर ही पट्टी थोडी खाली आणून एकदा बोलून पाहावं.