मोयेन, लक्झेंबर्ग!

फायनान्सवाल्यांचं परदेशाचं स्वप्न ठरलेलं असतं. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर, फार तर दुबई. इंग्लिश चालतं, वडापाव मिळतो आणि शेजारी कुणीतरी डोंबिवलीचा निघतो. अशात कुणी ‘मी लक्झेंबर्गला चाललोय’ म्हणालं, की घरचे आधी नकाशा उघडतात. देश सापडायला वेळ लागतो, कारण तो आहे जेमतेम २,५८६ चौरस किलोमीटरचा. म्हणजे गोव्याहूनही लहान, आणि लोकसंख्या सात लाखांच्या आसपास!

पुण्यात खराडी किंवा मगरपट्ट्यात फंड अकाउंटिंगच्या शिफ्टा मारलेल्यांना मात्र हा नकाशा लागत नाही. रोज ज्या फंडांची एनएव्ही काढायची, त्यातल्या कितीतरींच्या नावामागे ‘सिकाव’ असं शेपूट असतं. हे फंड बहुतेक लक्झेंबर्गचेच. या देशाचं पोट एकेकाळी पोलादावर चालायचं. (२००६ साली आपल्या लक्ष्मी मित्तलांनी आर्सेलर घेतली, ती इथलीच. आर्सेलरमित्तलचं मुख्यालय आजही इथेच आहे.) सत्तरच्या दशकात पोलादाला उतरती कळा लागली आणि देशानं बँकांकडे मोर्चा वळवला. १९८५ साली युरोपात ‘यूसिट्स’ची नियमावली आली. एका देशात नोंदवलेला फंड सगळ्या सदस्य देशांत विकायची मुभा तिनं दिली. १९८८ साली लक्झेंबर्गनं सगळ्यांच्या आधी तिचा कायदा केला आणि बाजी मारली. आज फंडांच्या धंद्यात युरोपात हा देश पहिला आहे. जगात त्याच्या पुढे फक्त अमेरिका.

म्हणजे काम ओळखीचं, पगार युरोत. मग अडतं कुठे? भाषेत.

इथे भाषा तीन. १९८४ च्या कायद्यानं लक्झेंबर्गिश ही राष्ट्रभाषा झाली, कायदे फ्रेंचमध्ये होतात आणि जर्मन तिसरी. लिफ्टमध्ये भेटणारा ‘मोयेन’ म्हणतो (सकाळी, दुपारी, संध्याकाळी, कधीही चालतं), घरभाड्याचा करार फ्रेंचमध्ये येतो आणि तुमची मीटिंग इंग्लिशमध्ये होते. बेकरीतल्या बाईंना बऱ्याचदा लक्झेंबर्गिशही येत नाही, कारण त्या फ्रान्समधून रोज ये-जा करतात. अशी सीमेपलीकडून कामाला येणारी माणसं दोन लाखांहून जास्त आहेत.

ऑफिसात इंग्लिश चालतं, हे खरंय. फंड अकाउंटिंग, ट्रान्सफर एजन्सी, रिस्क, प्रायव्हेट इक्विटीची कामं इंग्लिशवर निभावतात. सीएसएसएफ ही नियामक संस्थाही फंडाचं माहितीपत्रक इंग्लिशमध्ये स्वीकारते. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं मजेत जातात आणि फ्रेंचचा क्लास ‘पुढच्या महिन्यापासून’वर राहतो. खरी गंमत नंतर कळते. प्रायव्हेट बँकिंगमध्ये क्लायंटसमोर बसायचंय, तर फ्रेंच किंवा जर्मन लागतं. स्थानिक टॅक्स, स्थानिक कंपन्यांचं ऑडिट, एचआर, इथेही तेच. म्हणजे इंग्लिशवर दार उघडतं, पण घरातल्या मोजक्याच खोल्यांत फिरता येतं. आणि मार्केट छोटं. जी कामं फक्त इंग्लिशवर चालतात, तीच पुण्याला किंवा क्राकोला हलवणं कंपनीला सगळ्यांत सोपं जातं! तुम्ही जिथून आलात, तिथेच तुमची खुर्ची पाठवली जाऊ शकते. आणि वर्क परमिट सुरुवातीला नोकरीशी बांधलेला असल्यानं खुर्ची गेली तर धावपळ डबल.

भाषेचा अजिबातच कंटाळा असेल, तर सरळ डब्लिन गाठा. तिथेही फंडांचंच राज्य आहे आणि तेही इंग्लिशमध्ये. हा सल्ला चेष्टेत नाही.

जायचंच ठरलं, तर फ्रेंच शिकायचं की लक्झेंबर्गिश? माझं मत विचाराल तर नोकरीसाठी फ्रेंच, पासपोर्टसाठी लक्झेंबर्गिश. २०१७ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण लक्झेंबर्गिशची तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी सरकारनं एक भारी सोय केलीय. नोकरदाराला ही भाषा शिकायला एकूण २०० तासांपर्यंत रजा मिळू शकते. अर्थात तो पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो आणि ओसीआय कार्डावर समाधान मानावं लागतं. हा निर्णय आई-बाबांशी बोलूनच घ्या.

बाकी जमेची बाजू तगडी. वर्षाला किमान २६ दिवस भरपगारी रजा, शिवाय ११ सार्वजनिक सुट्ट्या. बँकांत तेरावा पगार. महागाई निर्देशांक अडीच टक्क्यांनी चढला की सगळ्यांचे पगार कायद्यानं तेवढेच वाढतात. अप्रेझलमध्ये बॉसचं तोंड बघायची गरज नाही! मार्च २०२० पासून देशभर बस, ट्राम, ट्रेन फुकट. जोडीदाराच्या नोकरीची वाटही २०२३ च्या कायद्यानं सोपी केली.

घरभाडं मात्र पगाराचा मोठा लचका तोडतं. ऑफिसातले युरोपीय कलीग सीमेपलीकडच्या ट्रियरला स्वस्तात राहतात (कार्ल मार्क्सच्या जन्मगावी राहून फंड सांभाळतात, बोला!). आपल्याला ते सहज जमत नाही, कारण लक्झेंबर्गच्या परमिटवर जर्मनीत संसार थाटता येत नाही.

मुलं असतील तर आणखी एक हिशेब. सरकारी शाळेत परंपरेनं अक्षरओळख जर्मनमधून होते आणि पुढे फ्रेंच येतं. लहान मूल हे पटकन उचलतं. दहा वर्षांच्या मुलाची मात्र दमछाक होते, त्याच्यासाठी इंग्लिश विभाग असलेली सरकारी युरोपीय शाळा आधी शोधून ठेवा.

आणि पीएफ? भारत आणि लक्झेंबर्गमध्ये २०११ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. इथल्या कंपनीनंच तिकडे पाठवलं असेल, तर ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घेऊन पीएफ इथेच चालू ठेवता येतो, दोन्हीकडे पैसे भरावे लागत नाहीत. तिथल्याच कंपनीत लागलात तर तिकडच्या पेन्शनसाठी दहा वर्षांचा विमाकाळ लागतो, पण करारामुळे भारतातली वर्षंही त्यासाठी मोजता येतात. जाण्याआधी एचआरकडून हे कागद मागून घ्या. आणि ऑफर लेटरची वाट न बघता अलियाँस फ्रान्सेजच्या वीकेंड बॅचला नाव घाला.